मायनिंगसाठी स्वस्त एफपीजीए: चिप सर्वांत शेवटी निवडायची

गोव्यात फर्मागुडीला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. मामांचे म्हापशाला इन्व्हर्टर आणि मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे आणि ते दीड लाख घालायला तयार आहेत. त्यांना क्रिप्टो नाण्यांचे मायनिंग करायचे आहे, म्हणजे हॅश नावाचे तेच ते गणित अखंड करून नाणी मिळवायची, आणि ते एफपीजीएवर, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपवर. परदेशी साइटवर स्पार्टन-६ एलएक्स१५० च्या सुट्या चिप्स स्वस्तात दिसतात, टँग नॅनोचे बोर्ड त्याहून स्वस्त, आणि आर्टिक्स-७ दोन्हींपेक्षा महाग. रुपयामागे सर्वांत जास्त लॉजिक कुठल्या चिपमध्ये मिळेल, आणि दहा-वीस चिप्स लावून स्वतःचाच मायनिंग बोर्ड करावा का, असे त्याने विचारले आहे.

उत्तर आधी सांगतो, कारणे मागाहून. सुट्या चिप्स घेऊ नकोस. स्वतःचा बोर्ड आत्ता करू नकोस. बिटकॉइन डोक्यातून काढ. घ्यायचेच असेल तर आर्टिक्स-७ २००टी किंवा किंटेक्स-७ ३२५टी असलेला एक वापरलेला, तयार बोर्ड घे. तोसुद्धा कुठला अल्गोरिदम (नाण्याची हॅश काढायची पद्धत) चालवायचा आणि त्याची बिटस्ट्रीम (चिपची आतली जोडणी ठरवणारी फाइल) कुठून येणार हे पक्के झाल्यावर. ‘रुपयामागे लॉजिक’ हे माप चुकीचे नाही, पण ते हिशोबात चौथ्या-पाचव्या नंबरला येते. तू ते पहिल्या नंबरला धरलेस म्हणून एलएक्स१५० तुला आकर्षक वाटते आहे.

ती चिप इतकी स्वस्त का, ते बघू. २०११-१२ मध्ये बिटकॉइन मायनिंगसाठी याच चिपला मागणी होती. ४५ नॅनोमीटरची, साधारण १ लाख ४७ हजार लॉजिक सेलची. बिटकॉइनला एसएचए-२५६ दोनदा करावा लागतो, प्रत्येकात ६४ फेऱ्या. त्या सगळ्या फेऱ्या उलगडून एकामागे एक पाइपलाइनमध्ये मांडल्या की भरलेल्या पाइपलाइनमधून दर क्लॉकला एक हॅश बाहेर पडतो. क्लॉक २०० मेगाहर्ट्झ, तर २०० मेगाहॅश, म्हणजे सेकंदाला २० कोटी हॅश. झेडटेक्सचा एका चिपचा बोर्ड साधारण एवढेच द्यायचा, दोन चिपचा इकॅरस ३८० मेगाहॅशच्या आसपास. त्या काळात ग्राफिक्स कार्डापेक्षा वीज कितीतरी कमी, म्हणून लोक यावर तुटून पडले. मग जानेवारी २०१३ मध्ये अ‍ॅव्हलॉनचे पहिले एसिक, म्हणजे एकाच कामासाठी घडवलेल्या चिपचे, यंत्र लोकांच्या हाती पडले आणि एफपीजीएचा तो धंदा बघता बघता आटोपला.

आजचा हिशोब कर. अँटमायनर एस२१ हे एक यंत्र २०० टेराहॅश देते आणि ३,५०० वॅट खाते. तेवढे हॅश काढायला एलएक्स१५० किती लागतील? १० लाख. चिपमागे १० वॅट धरले तर १ कोटी वॅट, म्हणजे १० मेगावॅट. चिप फुकट मिळाली तरी हा सौदा बसत नाही. शिवाय ही चिप व्हिवाडोत, म्हणजे ती बनवणाऱ्या झायलिंक्सच्या आजच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये, चालत नाही. तिला जुने आयएसई लागते, ज्याची शेवटची आवृत्ती १४.७ ही २०१३ ची. आणि आयएसईची मोफत आवृत्ती स्पार्टन-६ मध्ये एलएक्स७५ पर्यंतच जाते. जुन्या मायनिंग बोर्डांवरून उपटून, सोल्डरचे नवे बॉल बसवून विकलेल्या या चिप्स आहेत, असे समजूनच चालावे.

आधी अल्गोरिदम

मायनिंगचे अल्गोरिदम ढोबळपणे दोन जातीचे. एकात सगळे काम गणिताचे असते, मेमरी जवळपास लागत नाही. दुसऱ्यात गणित थोडे आणि मेमरीची ये-जा अफाट. एफपीजीएची ताकद पहिल्या जातीत आहे. दुसऱ्या जातीत चिपमध्ये लॉजिक किती यापेक्षा बोर्डावर मेमरी कुठली, हाच प्रश्न उरतो.

इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंग बंद केले, पण त्याच घराण्यातला अल्गोरिदम इथेरियम क्लासिकवर अजून चालतो. तिथे एका हॅशसाठी ६४ वेळा १२८ बाइट वाचाव्या लागतात, म्हणजे ८ किलोबाइट, त्याही विखुरलेल्या जागांवरून. आर्टिक्सच्या बोर्डावर साधारणपणे १६ बिटची डीडीआर३-८०० मेमरी असते. तिचा कमाल वेग सेकंदाला १.६ गिगाबाइट. भागाकार केलास तर १९५ किलोहॅश येतात, तेही एक बाइट वाया न जाता. चिपमधले लॉजिक ९० टक्के रिकामे बसून राहील. याउलट व्हर्टेक्स अल्ट्रास्केल प्लसच्या व्हीयू३३पी या चिपवर ८ जीबी एचबीएम मेमरी चिपच्याच पॅकेजमध्ये आहे, वेग ४६० गिगाबाइट. तिथे हाच भागाकार ५६ मेगाहॅशवर जातो. आकडा बरा आहे, पण तेवढे देणारे ग्राफिक्स कार्ड तुला पणजीतल्या दुकानात वॉरंटीसकट मिळेल.

मोनेरोचा रँडमएक्स (३० नोव्हेंबर २०१९ पासून) मुद्दाम सीपीयूसाठीच रचलेला आहे. २ जीबीच्या वर डेटासेट, फ्लोटिंग पॉइंट, दर हॅशला बदलणारा प्रोग्राम. रेव्हनकॉइनचा कॉपॉ ग्राफिक्स कार्डासाठी, आणि त्याचा आतला प्रोग्राम दर काही ब्लॉकला बदलतो. या दोन्हींच्या वाटेला जाऊ नकोस.

राहिले केचॅक, ब्लेक३ या हॅश-पद्धतींसारख्या शुद्ध गणिताच्या घराण्यातले. इथे एफपीजीए ग्राफिक्स कार्डापेक्षा वॅटमागे खरोखर पुढे असतो. पण याच घराण्यात एसिक बनवणेही सोपे असते, आणि हीच खरी गोम आहे. कॅस्पाचे बघ. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेले नाणे. त्याच्या अल्गोरिदममध्ये दोन केचॅकच्या मधोमध ६४ बाय ६४ ची, चार-चार बिटच्या आकड्यांची मॅट्रिक्स गुणायची असते. म्हणजे ४,०९६ चिमुकले गुणाकार, जे एफपीजीएला अगदी मानवतात. २०२२ मध्ये एफपीजीएवाल्यांनी त्यावर बरे पैसे केले. २०२३ मध्ये आइसरिव्हर आणि बिटमेनची एसिक यंत्रे आली, नेटवर्कचा हॅशरेट चढला, आणि भरीला त्या नाण्याचे बक्षीस दर महिन्याला थोडे-थोडे कमी होत वर्षात निम्मे होते. २०२२ च्या कमाईचे स्क्रीनशॉट दाखवून आजही बोर्ड विकले जातात. तारीख बघितल्याशिवाय कुठलाही आकडा खरा मानू नकोस.

म्हणून नाणे निवडताना मी तीन गोष्टी बघतो. त्या अल्गोरिदमचे एसिक विक्रीला आहे का? असेल तर विषय संपला. नसेल, तर नाणे इतके मोठे आहे का की कोणाला एसिक करावेसे वाटेल? आणि नाणे इतके छोटे आहे का की दहा मोठी कार्डे आली की तुझा वाटा उडून जाईल? या दोन टोकांच्या मधली फट अरुंद असते आणि ती काही महिन्यांत बुजते. तेवढ्या काळात बोर्डाचे पैसे निघाले पाहिजेत.

चिपमध्ये काय मावते

आता लॉजिकचा हिशोब. हा कागदावर करता येतो आणि तो करायला तुला शिकवलेलेच पुरेसे आहे. केचॅक घेऊ. स्टेट १,६०० बिटची, फेऱ्या २४. एका फेरीत कॉलमची पॅरिटी काढायला पाच इनपुटचे ३२० एक्सऑर, म्हणजे ३२० एलयूटी (एलयूटी हा लॉजिकचा छोटा ठोकळा, काही इनपुटवरून उत्तर देणारा). मग प्रत्येक बिटला तीन इनपुटचा एक्सऑर, १,६०० एलयूटी. शेवटच्या अरेषीय पायरीत दोन शेजारी बिट चार इनपुटवर भागतात, त्यामुळे सहा इनपुटच्या एका एलयूटीत दोन्ही बसतात, म्हणून ८००. बिटांची फिरवाफिरव नुसत्या तारांची, तिला एलयूटी लागत नाही. बेरीज साधारण २,७०० एलयूटी एका फेरीला. २४ फेऱ्या उलगडल्या की ६५ हजारांच्या आसपास. फ्लिपफ्लॉप १,६०० गुणिले २४, म्हणजे ३८,४०० तरी.

आर्टिक्स-७ २००टी मध्ये एलयूटी आहेत १,३४,६००. म्हणजे एक पाइपलाइन आरामात बसते. दोन कागदावर बसतात: १,३०,००० म्हणजे ९७ टक्के. प्रत्यक्षात ९७ टक्के भरलेल्या चिपमध्ये राउटर तारांना वाट शोधत तासन् तास फिरतो आणि शेवटी टायमिंग चुकल्याचा (सिग्नल वेळेत न पोचल्याचा) लाल आकडा देऊन थांबतो. ८०-८५ टक्क्यांच्या वर भरलेल्या डिझाइनवर मी वेगाची आशा धरत नाही. मग शहाणी मांडणी अशी की एक पूर्ण पाइपलाइन, आणि उरलेल्या जागेत अर्धी, जिच्यातून प्रत्येक काम दोनदा फिरते. ३०० मेगाहर्ट्झ जमले तर ३०० अधिक १५०, म्हणजे ४५० मेगाहॅश. इतकी भरलेली चिप ३०० वर चालेलच असे नाही. २५० धरून हिशोब करावा.

किंटेक्स-७ ३२५टी मध्ये २,०३,८०० एलयूटी. तिथे अडीच पाइपलाइन, आणि किंटेक्सचे लॉजिक आर्टिक्सपेक्षा वेगवान असल्याने क्लॉकही थोडा वर जातो.

टँग नॅनो २०के मध्ये चार इनपुटचे २०,७३६ एलयूटी. सहा इनपुटच्या एलयूटीशी याची सरळ तुलना करता येत नाही, कारण पाच इनपुटच्या एक्सऑरलाच तिथे दोन एलयूटी जातात. उलगडलेली पाइपलाइन मावायचा प्रश्नच नाही. एकच फेरी बसवून तिच्यातून २४ वेळा फिरवायचे. १०० मेगाहर्ट्झला सेकंदाला ४१ लाखांच्या आसपास हॅश. ४५० मेगाहॅशची बरोबरी करायला शंभरावर बोर्ड लागतील, त्यांच्या यूएसबी वायरीच हजारो रुपयांच्या होतील. शिकायला मात्र हा बोर्ड झकास आहे. लॅटिसचा ईसीपी५-८५ पण तसाच: ८४ हजार एलयूटी, तेही चार इनपुटचे, पण योसिस आणि नेक्स्टपीएनआर ही मुक्त साधने त्यावर उत्तम चालतात. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून केचॅकचा गाभा तू यांच्यापैकी एकावर लिही, मग मोठ्या बोर्डाला हात लाव.

वीज: इथे सगळ्यांचे पाय घसरतात

सुट्या चिपच्या दरात न दिसणारा खर्च इथे असतो. एफपीजीएच्या नेहमीच्या डिझाइनमध्ये बहुतेक तारा बहुतेक वेळ शांत असतात. व्हिवाडो वीज मोजताना, तुम्ही वेगळे काही सांगितले नाही तर, १२.५ टक्के टॉगल रेट (दर क्लॉकला उलटणाऱ्या तारांचे प्रमाण) धरतो. हॅशिंगमध्ये डेटा पूर्णपणे यादृच्छिक असतो; दर क्लॉकला निम्मे बिट उलटतात. म्हणजे ५० टक्के. अहवालात ६ वॅट दिसले म्हणून ६ वॅटचा रेग्युलेटर लावला, तर पहिल्याच दिवशी मान टाकणार. अहवाल काढताना टॉगल रेट ५० वर नेऊन बघ.

७-सिरीजच्या (आर्टिक्स-७, किंटेक्स-७) कोअरला, म्हणजे चिपच्या मुख्य भागाला, १ व्होल्ट लागतो. म्हणजे कोअरने २० वॅट घेतले तर २० अँपिअर! शिकवण्याच्या बोर्डांवरचे रेग्युलेटर इतक्या करंटसाठी नसतात. मी कुठलाही बोर्ड हाती आला की पहिले हे करतो: बोर्ड उलटा करून, चिपच्या बरोबर पाठीमागे जे बारके डीकपलिंग कपॅसिटर असतात त्यातल्या कोअरच्या एकावर मल्टिमीटरची टोके ठेवतो. बिटस्ट्रीम लोड झाल्यावर, काम सुरू व्हायच्या आधी, १.०० च्या आसपास दिसते. मग हॅशिंग सुरू करतो. ०.९८ ला थांबले तर बोर्ड चांगला. ०.९५ ही आर्टिक्स-७ साठी झायलिंक्सने दिलेली खालची मर्यादा. त्याखाली गेले की चिप बंद पडत नाही, चुकीची उत्तरे द्यायला लागते, आणि ते जास्त वाईट, कारण वीज पूर्ण जाते आणि पूल (मायनिंग करणाऱ्यांचे काम एकत्र करणारा सर्व्हर) तुमचे काम नाकारतो. अशा वेळी क्लॉक २५ मेगाहर्ट्झने उतरवला की स्वीकारलेले हॅश उलट वाढलेले दिसतात. मामांना हे दोन मिनिटांत समजेल. इन्व्हर्टरवाल्याला व्होल्टेज ड्रॉप शिकवावा लागत नाही.

स्वतःचा बोर्ड नको म्हणतो ते यासाठीच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते. बीजीए (खाली सोल्डरचे बॉल असलेल्या) चिपखाली सहा-आठ थरांचा पीसीबी, बहुफेज रेग्युलेटर, बीजीए बसवणे, एक्स-रे तपासणी, आणि पहिल्या खेपेला काहीतरी चुकणारच म्हणून दुसरी खेप. हा खर्च शेकडो बोर्डांवर वाटला गेला तर परवडतो, दहावर नाही. त्यात अधिकृत वितरकाकडे सुटी एक-दोन नगांत घेतलेली नवी २००टी चिप अनेकदा जुन्या अख्ख्या बोर्डापेक्षा महाग पडते.

चिपच्या नावातली शेपटी

विकणारा ‘२००टी आहे’ म्हणतो, पण नावाच्या शेवटी उणे १, उणे २ की उणे ३ ते सांगत नाही. हा स्पीड ग्रेड. जितका मोठा तितकी चिप वेगवान. बिटस्ट्रीम उणे २ साठी टायमिंग साधून केलेली असेल तर उणे १ वर ती चालेल किंवा चालणार नाही, गरम झाल्यावर तर नाहीच. जेटॅग या तपासणीच्या जोडणीवरून वाचलेला आयडीकोड चिप कोणती ते सांगतो (२००टी साठी ०३६३६०९३, पहिला अंक आवृत्तीचा, तो वेगळा असू शकतो), पण स्पीड ग्रेड सांगत नाही. तो फक्त चिपवर छापलेला असतो, आणि छाप घासून नवी मारता येते. म्हणून हिशोब उणे १ धरूनच करावा.

दुसरी गोष्ट पॅकेजची. १००टी ही लहान आर्टिक्स वायर-बाँडच्या पॅकेजात येते, उष्णता वरून नीट निघत नाही. २००टी सगळ्याच पॅकेजांत फ्लिप-चिप आहे, सिलिकॉनची पाठ वर, हीटसिंक थेट बसतो. एफबीजी प्रकारात वर झाकण नसते. हीटसिंक तिरका दाबला तर सिलिकॉनचा कोपरा उडतो. मामांच्या दुकानातल्या मुलाला हे आधी सांगून ठेव. मायनिंगला पिना लागत नाहीत, एक साधी सिरियल जोडणी पुरे. त्यामुळे पीसीआयई, एसएफपी अशा वेगवान जोडण्या असलेल्या बोर्डाला केवळ मायनिंगसाठी जादा पैसे मोजायचे कारण नाही. मात्र मायनिंग संपल्यावर हाच बोर्ड दुसऱ्या कामाला लागतो किंवा विकला जातो, तेव्हा याच गोष्टींना किंमत येते. मी थोडे जास्त मोजून पीसीआयईवाला घेईन.

बिटस्ट्रीमचे काय? दोन वाटा. स्वतः लिहायची, तर साधन लागते: आर्टिक्स-७ ची सगळी पोरे व्हिवाडोच्या मोफत आवृत्तीत येतात, किंटेक्स-७ मधले फक्त ७०टी आणि १६०टी. ३२५टी ला पैसे भरलेला परवाना लागतो आणि तो बोर्डापेक्षा कितीतरी महाग. ओपनएक्ससी७ नावाचे मुक्त साधन आहे, पण वेग काढण्यात ते व्हिवाडोच्या जवळ येत नाही. दुसरी वाट म्हणजे कोणीतरी केलेली तयार बिटस्ट्रीम. ती लोड करायला परवाना लागत नाही, पण करणारा आपला टक्का कापून घेतो, आणि पुष्कळदा ती चिपच्या आतल्या डीएनए या ओळख-क्रमांकाशी बांधलेली असते, ७-सिरीजमध्ये ५७ बिटचा. बोर्ड बदलला की पुन्हा त्याच्या दारात. तुझ्या नेमक्या बोर्डासाठी, नेमक्या नाण्याची बिटस्ट्रीम आज उपलब्ध आहे का, हे बोर्ड घेण्याआधी बघायचे. ‘लवकरच येतेय’ या शब्दावर लोकांनी लाखांची कार्डे घेतलेली आहेत. २०१८ मध्ये व्हीयू९पी या राक्षसी चिपची कार्डे (जवळपास ११ लाख ८२ हजार एलयूटी) अशीच विकली गेली. नोव्हेंबरात बाजार कोसळला आणि हीच कार्डे जुन्या बाजारात आली. आजही ती मिळतात, पण कोअरला शंभर अँपिअरच्या वर पुरवणारी सोय आणि पाण्याचे कूलिंग यांच्याशिवाय त्यांच्यातून पूर्ण काम निघत नाही. दीड लाखात पहिला बोर्ड म्हणून नको.

गोव्यात चालवताना

उष्णतेची भीती लोकांना जास्त वाटते, पण आपल्याकडे खरा त्रास दमट खाऱ्या हवेचा. कळंगुट-मिरामारच्या बाजूला खिडकीत ठेवलेल्या बोर्डाच्या १२ व्होल्टच्या कनेक्टरवर एका पावसाळ्यात हिरवट थर चढतो, संपर्क बिघडतो, मग तो कनेक्टरच तापून वितळतो. बोर्ड चोवीस तास चालू असेल तर स्वतःच्या उबेने कोरडा राहतो. बंद पडून दोन-चार दिवस राहिला की ओल धरतो. जुलैत बंद राहिलेला बोर्ड लगेच पूर्ण लोडवर टाकू नये, आधी काही वेळ नुसता पंखा आणि रिकामी चिप चालू द्यावी. कोटिंगचा स्प्रे मारायचा तर कनेक्टर आणि चिपची पाठ झाकून. डिचोली-साखळीकडे खनिजाच्या ट्रकांच्या वाटेवर घर असेल तर पंख्याला जाळी हवीच. ती लाल धूळ हीटसिंकच्या फटींत गच्च बसते.

वीज गेली की एफपीजीए सगळे विसरतो. आत एसरॅम आहे. वीज आल्यावर बोर्ड कोरा उठतो. बिटस्ट्रीम फ्लॅशमध्ये ठेव, किंवा रास्पबेरी पायवर अशी स्क्रिप्ट ठेव जी उठल्याबरोबर लोड करेल. पावसाळ्यात वीज जाते-येते, त्या झटक्यांत पॉवर सप्लाय जातात. विजा कडाडायला लागल्या की प्लग काढणे हा उपाय अजून कोणी सुधारलेला नाही. मामांकडे इन्व्हर्टर आहेत म्हणून मायनिंग त्यावर चालवू नका. बॅटरीत साठवून वापरलेले युनिट थेट युनिटपेक्षा नेहमी महाग.

तापमान चिपच्या आतल्या एक्सएडीसी या मापकावरून वाचता येते. व्यावसायिक ग्रेडला जंक्शन ८५ अंश ही मर्यादा. मी ७० च्या वर जाऊ देत नाही.

आता पैसे

सॉकेटवर मोजलेले १०० वॅट चोवीस तास चालले तर महिन्याला ७२ युनिट. सोयीसाठी युनिट ५ रुपये धरू, म्हणजे ३६० रुपये. तुझा खरा दर वीज खात्याच्या बिलावर बघ. गोव्याचे दर संयुक्त विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि ते टप्प्याटप्प्याने चढतात. हे ७२ युनिट घराच्या वापराच्या वर, सर्वांत महाग टप्प्यात पडणार. आणि दुकानात लावले तर दर व्यावसायिक.

३६० रुपये फार नाहीत, असे वाटेल. पण कराचे बघ. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या उत्पन्नावर सरळ ३० टक्के कर आहे, ४ टक्के उपकर धरून ३१.२. खरेदी किमतीशिवाय कुठलीही वजावट नाही, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च ही खरेदी किंमत धरली जाणार नाही, असे केंद्राने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएसही कापला जातो, तो विवरणपत्रात जमेला येतो. म्हणजे ३६० रुपयांची वीज भरून काढायला ५२३ रुपयांची नाणी मिळाली पाहिजेत. ६० हजारांचा बोर्ड वर्षात वसूल करायचा तर महिन्याला ५,००० अधिक ३६०. कर धरून ७,७९० रुपयांची नाणी, बाराही महिने, भाव आणि डिफिकल्टी (नाणे मिळवण्याची अवघडता) जागची न हलता. तुझ्या निवडलेल्या नाण्याचे आजचे उत्पन्न या आकड्याच्या दुप्पट नसेल तर मामांचे पैसे बँकेत राहू देत. नाणे मिळाले त्या दिवशी कर की विकल्या दिवशी, हे सीएला विचारा, आणि बोर्ड घ्यायच्या आधी विचारा.

मी तुझ्या जागी असतो तर दीड लाखातले ५०-६० हजार बाजूला काढले असते. त्यात एक वापरलेला २००टी चा बोर्ड, चांगला हीटसिंक-पंखा, आणि सॉकेटवर लावायचा वॉटमीटर. घेण्याआधी विकणाऱ्याकडून न कापलेला अर्ध्या तासाचा व्हिडिओ मागायचा: जेटॅगवर आयडीकोड, एक्सएडीसीचे तापमान, हॅशिंग चालू असताना नाकारलेल्या हॅशचा आकडा, आणि त्याच चौकटीत वॉटमीटर. जो देत नाही त्याच्याकडून घ्यायचे नाही. परदेशातून आला तर १८ टक्के आयजीएसटी आणि कुरिअरवाल्याचे शुल्क धरूनच किंमत ठरवायची. बिलावर खरी किंमत लिहून घ्यायची. ‘गिफ्ट’ लिहून पाठवतो म्हणणाऱ्याला नको म्हणायचे, कारण कस्टममध्ये पार्सल अडकले की विकणारा हात वर करतो आणि कागद मामांच्या नावावर असतात.